चौतीस मिलिमीटरची खिडकी : टर्बो इंजिनाचा श्वास मोजण्याचा इतिहास

१९९५ चा ऑक्टोबर महिना. स्पेनमधील कातालुन्या रॅली, म्हणजे त्या वर्षीच्या जागतिक रॅली अजिंक्यपद मालिकेचा शेवटून दुसरा टप्पा. तपासनिसांनी टोयोटाच्या सेलिका गाडीच्या टर्बोच्या तोंडाशी बसवलेले एक धातूचे कडे तपासायला घेतले. नियम असा होता की, इंजिनात जाणारी सगळी हवा ३४ मिलिमीटर व्यासाच्या त्या एकाच भोकातून गेली पाहिजे. कडे बाहेर काढून मोजले, की भोक बरोबर ३४ भरत होते. मात्र नळी जागेवर बसवून आवळली, की आतली रचना सुमारे ५ मिलिमीटर सरकत होती आणि कड्याच्या बाजूने हवेला एक चोरवाट मोकळी होत होती. नळी पुन्हा सोडवायला घेतली, की वाट आपोआप बंद!

शिक्षा जबर झाली. संघाचे त्या मोसमातले गुण रद्द झाले आणि बारा महिन्यांची बंदी आली. ज्या युहा कँकुनेनच्या हाती त्या वर्षीचे विजेतेपद जाण्याची दाट शक्यता होती, तोही यादीतून बाहेर फेकला गेला. अजिंक्यपद सुबारूच्या कॉलिन मॅक्रेकडे गेले.

एका भोकावरून एवढे रामायण का घडावे, हा आजच्या धाग्याचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना आपल्याला स्वित्झर्लंडमधील एका पेटंटपासून जपानमधील एका रेसगाडीपर्यंत जावे लागेल. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

आधी थोडे मूलतत्त्व. गाडीला ‘रेस देतो’ तेव्हा आपण पेट्रोल वाढवतो, असा सार्वत्रिक समज आहे. पेट्रोल इंजिनात प्रत्यक्षात पायाखालचे पेडल उघडते ती हवेची वाट. त्या वाटेवरच्या नळीत एक गोल चकती आसावर फिरते. फुलपाखराच्या पंखांसारखी दिसते म्हणून तिला फुलपाखरी झडप म्हणतात. ही झडप आणि तिचे नळीसारखे घर मिळून थ्रॉटल होतो. किती हवा आत आली हे पाहून त्या प्रमाणात पेट्रोल सोडणे हे पुढचे काम. साधारणतः एक भाग पेट्रोलाला वजनाने १४.७ भाग हवा लागते. एक लिटर पेट्रोल पुरते जाळायचे, तर सुमारे नऊ हजार लिटर हवा हवी!

पेट्रोल मोजणे सोपे आहे. ते द्रव आहे, दाबले तरी आकुंचन पावत नाही. हवा मात्र मायावी. थंडीत जड, उन्हात हलकी. समुद्रकाठी दाट, डोंगरमाथ्यावर विरळ. त्यात टर्बो बसवला, की ती दाबली जाते, तापते आणि घटकेत शांत तर घटकेत उसळती होते. मोजण्यात चूक झाली आणि पेट्रोल कमी पडले, तर भरलेल्या दाबाखाली मिश्रण अवेळी भडकते आणि पिस्टनचा माथा वितळून त्याला भोक पडते. साध्या इंजिनात याच चुकीची किंमत एखादा धक्का किंवा थोडा काळा धूर एवढीच असते. म्हणूनच टर्बोचा इतिहास हा मुळात हवेच्या मोजमापाचा इतिहास आहे, असे माझे मत आहे.

आता १९०५ कडे जाऊ. स्वित्झर्लंडच्या विंटरथूर गावचा अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने त्या वर्षी धुराड्यातून वाया जाणाऱ्या वायूवर चक्र फिरवून इंजिनात हवा कोंबण्याच्या कल्पनेचे पेटंट घेतले. कल्पना फळाला यायला वीस वर्षे गेली. १९२० च्या दशकात ‘प्रॉयसेन’ आणि ‘हान्झेश्टाट डान्झिश’ या दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांना टर्बो बसले, तेव्हा त्यांची शक्ती १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीवर गेली. पण त्या डिझेल इंजिनांना थ्रॉटल नव्हता. हवा जेवढी येईल तेवढी येऊ द्यायची आणि कमीजास्त करायचे ते फक्त इंधन. त्यामुळे झडप कुठे बसवावी, हवा कशी तोलावी हे प्रश्न ब्यूखीला पडलेच नाहीत.

पेट्रोल इंजिनाच्या बाबतीत डोळे उघडले ते १९१८ मध्ये. जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील सँफर्ड मॉस याने लिबर्टी हे बारा सिलिंडरांचे विमान-इंजिन एका ट्रकवर लादून अमेरिकेतील पाइक्स पीक या शिखरावर नेले. उंची सुमारे ४,३०० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या अडीचपटीहून जास्त. सपाटीवर साडेतीनशेच्या आसपास अश्वशक्ती देणारे ते इंजिन शिखरावर २३० वर आले. टर्बो जोडताच तेच ३५६ वर गेले! हवा विरळ झाली म्हणून हरपलेली शक्ती यंत्राने परत मिळवून दिली. विमानांच्या जगात यानंतर टर्बोचे स्थान पक्के होत गेले. मोटारींना मात्र त्याची वाट आणखी चार दशके पाहावी लागली.

१९६२ मध्ये जनरल मोटर्सच्या दोन शाखांनी एकाच वर्षी टर्बो असलेल्या गाड्या विक्रीला आणल्या. ओल्ड्समोबिलची जेटफायर ही एक आणि शेव्हरोलेची कॉर्व्हेअर मोंझा स्पायडर ही दुसरी. दोन्हींत कार्बोरेटर, अर्थात त्यातला थ्रॉटलही, टर्बोच्या आधी बसवला होता. हवा आधी कार्बोरेटरमधून जाई, तिथे पेट्रोल मिसळे आणि मग ते ओले मिश्रण टर्बोच्या पात्यांतून इंजिनाकडे जाई. ही ओढपद्धत. तिचा मोठा लाभ असा की, कार्बोरेटरला टर्बोचा पत्ताच नसतो. त्याच्या दृष्टीने बाहेरची साधी हवा आत खेचली जात असते आणि त्याचे जुने गणित बिनचूक चालते.

तोटेही तितकेच ठळक होते. थ्रॉटलपासून सिलिंडरपर्यंतची वाट लांब, त्यामुळे पाय दाबल्यावर गाडी विचार करून मग धावे. थंड नळीच्या भिंतीवर पेट्रोलाचे थेंब साचत. चालकाने पाय उचलला की बंद थ्रॉटलच्या मागे पोकळी होई आणि टर्बोच्या आसाजवळचे वंगणतेल आत ओढले जाई. ते रोखायला वेगळे, महागडे सील लागत. सर्वांत वाईट हे की, दाबल्याने तापलेली हवा गार करणारा इंटरकूलर या पद्धतीत बसवणे जवळजवळ अशक्य. पेट्रोल मिसळलेले मिश्रण त्या जाळीतून न्यायचे, म्हणजे गाडीच्या नाकाशी स्फोटकाचा डबा टांगण्यासारखेच.

जेटफायरच्या अभियंत्यांनी यावर शोधलेला उपाय वाचला की कौतुक वाटावे की हसू यावे, हे कळत नाही. इंजिनाचे संपीडन-गुणोत्तर १०.२५ इतके चढे होते. टर्बोचा दाब त्यावर पडला, की अवेळी भडका ठरलेला. म्हणून मिश्रणात पाणी आणि मिथेनॉल यांचा फवारा सोडला जाई. त्या द्रवाला ‘टर्बो-रॉकेट फ्लुइड’ असे भारदस्त नाव होते. त्याची टाकी रिकामी झाली तर? त्यासाठी मुख्य थ्रॉटल आणि टर्बो यांच्यामध्ये दुसरी फुलपाखरी झडप होती. द्रव संपला, की ती मिटे आणि टर्बोला हवाच मिळेनाशी होई. सुरक्षेचा विचार उत्तमच होता. पण दर थोड्या दिवसांनी गाडीत पाणी-मिथेनॉल भरत बसणारा ग्राहक अमेरिकेत नव्हता. टाक्या रिकाम्या राहिल्या, दुसऱ्या झडपा मिटल्या, आणि लोक तक्रारी करू लागले की गाडी धावत नाही. अखेर कंपनीने टर्बो काढून साधा चार नळ्यांचा कार्बोरेटर बसवून देण्याची सोय केली. आज न बदललेली जेटफायर दुर्मीळ आहे ती यामुळेच.

कॉर्व्हेअरचा मार्ग अधिक धूर्त होता. टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणारी वेगळी झडप तिच्यात नव्हतीच. कार्बोरेटरच मुद्दाम चिंचोळा घेतला होता आणि धुराड्यालाही पुरेसा अडसर होता. इंजिनाला अधिक हवा मागताच येणार नाही, अशी व्यवस्था. १९९५ च्या त्या कड्यामागचा विचार इथे तेहतीस वर्षे आधीच भेटतो.

ओढपद्धतीच्या उलट फुंकपद्धत : टर्बो आधी, कार्बोरेटर नंतर. १९८० ची लोटस एस्प्री टर्बो आणि १९८१ मध्ये पुढे आलेली मासेराती बायटर्बो ही तिची ठळक उदाहरणे. थ्रॉटल सिलिंडरांजवळ आला, प्रतिसाद सुधारला. मात्र आता कार्बोरेटर दाबाच्या पोटात बसला. त्याचे प्रत्येक छिद्र बंदिस्त हवे, आणि पेट्रोलाचा दाब हवेच्या दाबाबरोबर चढता हवा. नाहीतर टर्बोची हवाच पेट्रोल मागे ढकलेल. मासेरातीने तर कार्बोरेटरला बंद पेटीत कोंडले. गाडी वेगवान होती, देखणी होती. तिची अमेरिकेतील कीर्ती मात्र गरम होऊन रुसणाऱ्या गाडीची झाली. कार्बोरेटर आणि टर्बो यांचा संसार एकंदरीत ओढाताणीचाच.

खरे उत्तर पेट्रोलाच्या फवाऱ्यात, म्हणजे इंजेक्शनमध्ये होते. त्यामुळे हवा आणि पेट्रोल यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. पेट्रोल अगदी शेवटी, सिलिंडरच्या दारात मिसळायचे. तोपर्यंत नळीत निव्वळ हवा. मग थ्रॉटल टर्बोनंतर ठेवा, मध्ये इंटरकूलर बसवा, काही भय नाही. पण इंजेक्शनला आधी सांगावे लागते की हवा किती आली. कार्बोरेटर हे मोजमाप स्वतःच्या गळ्यातल्या आकुंचनाने, न बोलता करीत असे. आता कोणीतरी वेगळा साक्षीदार नेमणे भाग होते. त्या साक्षीदाराची निवड हा पुढच्या अर्धशतकाचा वाद.

जर्मनीच्या बॉश कंपनीने सात वर्षांत तीन वेगळे साक्षीदार उभे केले. १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० साठी डी-जेट्रॉनिक आली. ‘डी’ म्हणजे ‘द्रुक’, दाब. अमेरिकेच्या बेंडिक्स कंपनीने १९५० च्या दशकात केलेल्या प्रयोगांचा हा वारसा. यात हवेला कोणी थेट हात लावत नाही. मॅनिफोल्डमधील दाब, हवेचे तापमान आणि इंजिनाचे फेरे पाहायचे, आणि ‘या वेगाला, या दाबाला हे इंजिन इतकी हवा गिळते’ अशा आधीच करून ठेवलेल्या हिशेबावरून अंदाज बांधायचा. युक्ती सोपी, वाटेत अडथळा नाही. पण इंजिन झिजले, झडपांची फट बदलली, की हिशेब चुकतो आणि यंत्राला त्याची गंधवार्ताही नसते.

म्हणून १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात दुसरे दोन साक्षीदार आले. एल-जेट्रॉनिकमध्ये (‘एल’ म्हणजे ‘लुफ्ट’, हवा) नळीत एक स्प्रिंगचा दरवाजा असे; हवेच्या झोताने तो जितका ढकलला जाई, तितकी हवा. के-जेट्रॉनिक तर निव्वळ यांत्रिक होती. शंकूच्या आकाराच्या नळीत एक चकती तरंगे आणि तिच्या दांड्याने पेट्रोलाची वाट कमीजास्त उघडे. विजेच्या गणिताचा संबंधच नाही.

१९७४ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात मांडलेल्या पोर्शे ९११ टर्बोने हीच तरंगती चकती निवडली. चकती टर्बोच्या आधी, थ्रॉटल टर्बोनंतर, ही आजही प्रचलित असलेली मांडणी. तीन लिटर इंजिनाचे २६० अश्वशक्ती. १९७८ पासून ३.३ लिटर, इंटरकूलर आणि ३००. ‘९३०’ या अंतर्गत क्रमांकाची ही गाडी १९८९ पर्यंत त्याच यांत्रिक पद्धतीवर चालली. आजच्या उत्साही तरुणांना हे मागासलेपण वाटते. मला नाही वाटत. टर्बोच्या आधी बसवलेल्या चकतीला बाहेरचीच हवा भेटते, दाबलेली नव्हे. तिच्या दृष्टीने आयुष्य सरळ असते. अडचण एकच. चकती शंकूच्या माथ्याला टेकली, की तिच्यापुढची हवा तिला दिसत नाही. टर्बो मोठा करून आणखी हवा कोंबणारे हौशी लोक इथेच फसले. चकती म्हणत होती ‘एवढीच’, आणि सिलिंडरांत त्याहून अधिक शिरत होती.

१९७७ मध्ये फ्रँकफर्टला स्वीडनच्या साबने ९९ टर्बो दाखवली. हिच्यातही के-जेट्रॉनिकच; पण टर्बो मुद्दाम लहान आणि त्याला आवर घालणारी निर्गम-झडप. ध्येय सर्वोच्च वेग हे नव्हते. रोजच्या रस्त्यावर मध्यम फेऱ्यांत मिळणारा जोर हे होते. घरच्या वापराची टर्बो गाडी ही कल्पना रुजवण्याचे श्रेय मी साबलाच देईन. साबकडे आपण पुन्हा येणार आहोत.

आता थोडे आडवाटेने जाऊ, कारण ही वाट फार सुंदर आहे. १९११ च्या सुमारास जर्मनीतील ग्योटिंगेन येथे लुडविग प्रांटलचा विद्यार्थी कार्ल हीमेन्झ पाण्याच्या प्रवाहात एक दंडगोल उभा करून त्याभोवतीचा दाब मोजू पाहत होता. प्रवाह स्थिर राहीना, सारखा डुले. दंडगोल घासून गुळगुळीत केला, कालवा नीट केला, डुलणे कायम. तिथेच काम करणारा हंगेरियन तरुण थिओडोर फॉन कार्मान त्याच्याकडे रोज चौकशी करी, आणि उत्तर रोज तेच येई. शेवटी कार्मानच्या ध्यानात आले की दोष दंडगोलाचा नाही, हा निसर्गाचाच नियम आहे. अडथळ्यामागे भोवरे आळीपाळीने डाव्या-उजव्या बाजूंनी सुटतात, आणि त्यांच्या सुटण्याचा ठेका प्रवाहाच्या वेगाशी बांधलेला असतो. कार्मानची भोवऱ्यांची रांग म्हणून ती आज ओळखली जाते.

सुमारे सत्तर वर्षांनी मित्सुबिशीने नेमके तेच मोटारीच्या नळीत घातले. १९८२ च्या स्टॅरियन टर्बोत हवेच्या वाटेत एक छोटा खांब होता. त्यामागे सुटणारे भोवरे मानवी कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरींनी मोजले जात. ठेका जलद, म्हणजे हवा जास्त. हलणारा दरवाजा नाही, झिजणारी स्प्रिंग नाही! ही पद्धत पुढे गॅलंट व्हीआर-४ आणि लान्सर इव्होल्यूशनपर्यंत चालली. तिची मर्यादा अशी की भोवरे हवेचे आकारमान सांगतात, वजन नव्हे. म्हणून त्याच डबीत तापमानाचा आणि बाहेरच्या दाबाचा सेन्सरही ठेवावा लागे.

थेट वजन सांगणारा साक्षीदार विजेच्या तारेतून आला. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात लुई किंग याने १९१४ मध्ये वाऱ्यात धरलेली तापलेली तार कशी थंड होते, याचा नियम मांडला होता. बॉशने १९८० च्या दशकाच्या आरंभी एलएच-जेट्रॉनिकमध्ये केसासारखी बारीक प्लॅटिनमची तार नळीत ताणली. तार हवेपेक्षा ठरावीक अंशांनी गरम ठेवायची. त्यासाठी किती वीज लागते ते पाहायचे. दाट हवा तिला अधिक थंड करते, विरळ कमी. त्यामुळे उंचीचा आणि तापमानाचा हिशेब आपोआप पुरा होतो. तारेवर धूळ बसली की मोजमाप बिघडते, म्हणून इंजिन बंद झाल्यावर क्षणभर तार लाल होईतो तापवून धूळ जाळून टाकायची. यंत्राला स्वतःचे दात घासायला शिकवल्यासारखेच हे.

दरम्यान दाबाचा जुना साक्षीदारही तरुण होऊन परतला. १९५४ मध्ये बेल प्रयोगशाळेच्या चार्ल्स स्मिथने दाखवले होते की सिलिकॉनवर ताण पडला, की त्याचा विद्युतरोध लक्षणीय बदलतो. त्यातून नखाएवढे, स्वस्त आणि चपळ दाब-सेन्सर निघाले. सिएरा कॉसवर्थच्या वेबर-मरेली यंत्रणेने असाच दाब-सेन्सर वापरला. इथे एक बारकावा आहे, नवखे हमखास चुकतात तो. असा सेन्सर निर्वातापासूनचा संपूर्ण दाब मोजतो. गाडीच्या काट्यावर टर्बोचा दाब १ बार दिसतो, तेव्हा मॅनिफोल्डमध्ये २ बार असतात, कारण बाहेरच्या वातावरणाचा १ बार त्यात धरायचा असतो. तेव्हा २ बारपर्यंतच वाचणारा सेन्सर निवडला, तर काटा १ च्या पुढे सरकताच तो आंधळा होतो, आणि नेमक्या त्याच वेळी इंजिनाला पेट्रोलाची सर्वांत जास्त गरज असते.

या दोन घराण्यांतला फरक सर्वांत स्पष्ट दिसतो तो चालकाने अचानक पाय उचलल्यावर. थ्रॉटल मिटतो, टर्बो मात्र फिरतच असतो. कोंडलेली हवा उलट फिरून पात्यांवर आपटू नये म्हणून एक झडप तिला वाट देते. तारेचा किंवा भोवऱ्यांचा सेन्सर टर्बोच्या आधी असेल, तर ही हवा आधीच मोजून झालेली असते. ती बाहेर सोडली, तर संगणक अशा हवेसाठी पेट्रोल सोडतो जी सिलिंडरपर्यंत पोचलीच नाही. गाडी गुदमरते, धुराड्यातून फटाके फुटतात. म्हणून ती हवा सेन्सरच्या पुढच्या नळीत परत सोडावी लागते. दाबाच्या सेन्सरला याचे सोयरसुतक नाही. तो फक्त मॅनिफोल्डमध्ये आत्ता काय आहे ते सांगतो; वाटेत कोण आले, कोण गेले, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. तो ‘फुस्स’ आवाज आवडतो म्हणून बाहेर फुंकणारी झडप बसवणाऱ्या कित्येक तरुणांना आपली गाडी अडखळते का, याचे उत्तर या परिच्छेदात मिळेल.

हे सगळे प्रश्न एकाच इंजिनात पाहायचे असतील, तर १९८९ ची निसान स्कायलाइन जीटी-आर पाहावी. शर्यतीच्या ‘ग्रुप ए’ नियमांत टर्बो इंजिनाचे आकारमान १.७ ने गुणून धरले जाई. निसानने २,५६८ घन सेंटिमीटरचे, सहा सिलिंडरांचे इंजिन घडवले. गुणाकार ४,३६६ च्या आसपास येतो, म्हणजे ४,५०० च्या वर्गात नेमका बसतो. या इंजिनाला दोन टर्बो, प्रत्येकाच्या आधी तापलेल्या तारेचा एक, असे दोन सेन्सर, आणि थ्रॉटल एक नव्हे, तर सहा! प्रत्येक सिलिंडरच्या दारात एक.

सहा का? एकच मोठा थ्रॉटल दूर असला, की त्याच्या पुढची सगळी पोकळी आधी भरावी लागते, मग सिलिंडरला हवा मिळते. सहा झडपा अगदी दाराशी असल्या, की ही पोकळी नगण्य होते आणि पायाखालची हालचाल तत्काळ चाकांना कळते. टर्बोच्या मूळच्या आळसावर हा उतारा. शर्यतीच्या मैदानावर निकाल असा लागला की, १९९० ते १९९३ या काळात जपानच्या टूरिंग कार मालिकेतील २९ पैकी २९ शर्यती या गाडीने जिंकल्या. ऑस्ट्रेलियाची बॅथर्स्टची शर्यतही १९९१ आणि १९९२ अशी लागोपाठ दोनदा जिंकली.

पण हीच मांडणी पुढच्या पिढीच्या हौशी अभियंत्यांना डोकेदुखी ठरली. शक्ती वाढवली, की तारेचे सेन्सर आपल्या कमाल मर्यादेला टेकत. मग ते काढून दाबाचा सेन्सर बसवायचा, तर सहा थ्रॉटल आडवे येत. प्रत्येक झडपेमागची जागा इतकी लहान, की दाब तिथे उचक्या लागल्यासारखा हेलकावतो. शिवाय झडप थोडी उघडली, की दाब लगेच बाहेरच्या पातळीला पोचतो. पाव उघडली काय आणि अर्धी उघडली काय, सेन्सरला फरक कळत नाही. अखेर अनेकांनी जोडपद्धत पत्करली. हलक्या पावलाला झडपेचा कोन आणि फेरे यांवरून अंदाज. टर्बो जागा झाला, की दाबावरून.

इथेच एक गैरसमज दूर करतो. टर्बो इंजिनाला अवाढव्य थ्रॉटल हवा असे अनेकांना वाटते. वस्तुतः थ्रॉटल टर्बो आणि इंटरकूलर यांच्यानंतर असेल, तर तिथून जाणारी हवा आधीच दाबलेली असते. दाब दुप्पट, तर तेवढ्याच वजनाच्या हवेला जागा सुमारे निम्मी लागते. त्यामुळे मध्यम आकाराचा थ्रॉटलही पुरतो. त्याउलट अति मोठा थ्रॉटल पहिल्या चतुर्थांशातच जवळजवळ सगळी हवा सोडून मोकळा होतो. मग पुढे कितीही पाय दाबा, फरक नाही, आणि गर्दीत गाडी हळू चालवणे ही शिक्षा होते.

साबकडे परत येतो. १९९० च्या दशकाच्या आरंभी साबने ट्रायोनिक ५ ही स्वतःची यंत्रणा ९००० या गाडीत आणली. ठिणगी, टर्बोचा दाब आणि पेट्रोल या तिन्हींचा कारभार एका संगणकाकडे, म्हणून ‘ट्राय’. स्पार्क प्लगमधून सूक्ष्म विद्युतप्रवाह पाठवून अवेळी भडका झाला की नाही हेही ती ओळखे. प्लगलाच कान फुटले होते. हवा मोजण्यासाठी साबने तार नाकारली आणि दाबाचा सेन्सर निवडला. आणि मग १९९७ च्या ९-५ मध्ये ट्रायोनिक ७ आली, तेव्हा त्याच कंपनीने वजन मोजणारा सेन्सर आणि विजेवर चालणारा थ्रॉटल घेतला! पायाखालचे पेडल आता झडप ओढत नव्हते. ते केवळ इच्छा कळवत होते. चालकाला किती जोर हवा ते ओळखायचे, त्यासाठी किती वजनाची हवा लागेल ते काढायचे आणि मग थ्रॉटल व टर्बो या दोघांना तशी आज्ञा द्यायची, अशी ही नवी राज्यव्यवस्था. विजेचा थ्रॉटल बीएमडब्ल्यूने ७५० मध्ये दहा वर्षे आधीच आणला होता. बॉशनेही १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात हाच मार्ग धरला.

तेव्हा नवे ते चांगले आणि जुने ते टाकाऊ, अशी सरळ रेष इथे सापडत नाही. दाब, मग दरवाजा, मग तार, पुन्हा दाब, पुन्हा तार. आजच्या बहुतेक टर्बो गाड्यांत तर एकाहून अधिक साक्षीदार एकत्र नांदतात : थ्रॉटलच्या आधी एक दाब-सेन्सर, त्याच्यानंतर दुसरा, आणि अनेकदा टर्बोच्या आधी वजनाचाही. एकाची साक्ष दुसऱ्याशी जुळली नाही, की गाडी पिवळा दिवा लावते.

आता कातालुन्याच्या कड्याचे कोडे सुटेल. एखाद्या भोकातून जाणाऱ्या हवेचा वेग ध्वनीच्या वेगाला पोचला, की पुढून कितीही ओढा, त्याहून अधिक हवा जात नाही. ३४ मिलिमीटरच्या भोकासाठी ही मर्यादा सेकंदाला दोनशे ग्रॅमांहून थोडीच अधिक येते, आणि तेवढ्या हवेत सुमारे ३०० अश्वशक्ती एवढेच पेट्रोल जळते. टर्बो कितीही मोठा आणा, सेन्सर कोणताही बसवा, थ्रॉटल सहा लावा, खिडकी तेवढीच. म्हणूनच कडे पात्यांपासून ५० मिलिमीटरच्या आत असावे, असे नियमात काटेकोर लिहिले होते. टोयोटाने ना टर्बो बदलला ना संगणक. त्यांनी खिडकीलगत दुसरी फट पाडली. तांत्रिक कारागिरी म्हणून ती इतकी अफलातून होती, की शिक्षा सुनावणाऱ्या संघटनेचे अध्यक्ष मॅक्स मोस्ली यांनीही तिच्या चातुर्याची दाद दिली. संघ १९९७ मध्ये कोरोला घेऊन परतला.

शेवटी एक उलटा प्रसंग. २०१४ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये टर्बो परतला, आणि नियमकर्त्यांनी हवेऐवजी पेट्रोलच तोलायचे ठरवले : तासाला १०० किलोपेक्षा अधिक प्रवाह नको. मोजायला ध्वनिलहरींचा सेन्सर. १६ मार्चला मेलबर्नच्या पहिल्याच शर्यतीत डॅनियल रिकार्डो दुसरा आला आणि त्याच रात्री बाद ठरला. सेन्सर चुकीचे आकडे दाखवतो, आमचे स्वतःचे गणित अधिक विश्वासार्ह आहे, असे त्याच्या रेड बुल संघाचे म्हणणे होते. साक्षीदार खरा की हिशेब खरा, हा डी-जेट्रॉनिक आणि एल-जेट्रॉनिक यांच्यातला जुना वाद आता पॅरिसच्या अपील-न्यायालयापुढे आला. एप्रिलमध्ये निकाल लागला. न्यायालयाने सेन्सरच्या बाजूने कौल दिला; रिकार्डोचे अठरा गुण परत मिळाले नाहीत.

(धागा समाप्त.)